षष्ठीसाठी राखलेलं टमाटं

मला आबांना गावाला जाऊ द्यायचं नव्हतं, सगळ्याचं मूळ एवढंच. आबा म्हणजे माझे वडील. आई गेली, तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी त्यांना गाडीत बसवून अजिंठ्याच्या डोंगराकडच्या वस्तीवरून संभाजीनगरला घेऊन आलो. थोडे दिवस म्हणून आणलं होतं. त्या थोड्या दिवसांची दोन वर्षं झाली. त्यांची एकवीस मेंढरं मागं माझ्या चुलतभावाच्या कळपात राहिली होती. निघताना ते त्याला सांगत होते, "मी येईस्तोवर नीट राख." मी ऐकत होतो आणि गाडीचा आरसा पुसत होतो.

विचारणाऱ्याला मी सांगायचो, वय झालंय, तिकडं करणारं कोणी नाही. खोटं नव्हतं ते, पण माझं कारण ते नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. हर्सूलला स्वतःचं घर आहे, दारात गाडी आहे. असल्या माणसाचा बाप खांद्यावर घोंगडी टाकून मेंढरांमागं फिरतो, हे मला नको होतं. एकदा वेरूळची सहल घेऊन परतताना रस्त्यात कळप आडवा आला. बसमधली पोरं "बें बें" करून ओरडायला लागली. सगळ्यांत मोठ्यानं हसलो तो मी.

आणखीही एक कारण होतं. ते पुढं येईल. स्वतःचं वाईट माणूस एका दमात सांगत नाही.

आबा दिवसभर ओट्यावर बसून असायचे. आमच्या घरापासून जेल जवळच आहे. ती उंच भिंत त्यांना पहिल्यांदा दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं, "जेल भितीच्या ह्या बाजूला हाय का त्या बाजूला?" बायको हसली. मला राग आला. दर रविवारी सकाळी मी चहाचा कप तोंडाला लावला की त्यांचा प्रश्न ठरलेला, "मंग, कवा सोडतो मला?" मी म्हणायचो, परीक्षा होऊ द्या, दिवाळी होऊ द्या, थंडी कमी होऊ द्या. कारणं संपली की आवाज चढवायचो.

त्या वर्षी गणपती उठल्यावर मी नर्सरीतून टमाट्याची आठ रोपं आणली. म्हाताऱ्याचे हात कशात तरी गुंतले की तोंड बंद राहील, असा विचार. नर्सरीवाला म्हणाला, "सर, लवकर येणारं वाण आहे. लावल्यापासून साठ-पासष्ट दिवसांत लाल." घरामागं कंपाउंडच्या भिंतीला लागून दहा बाय बाराचा मोकळा तुकडा होता. बांधकामातला एक मोठा दगड तिथं तसाच पडून होता, बाकी जमीन बरी होती.

रोपं बघून आबा म्हणाले, "आठ काड्या राखायला माणूस लागतो व्हय? एकवीस जीव तिकडं सोडून आलो मी."

माझं डोकं त्या दिवशी शाळेतूनच तापून आलं होतं. मी म्हणालो, "राखून तर दाखवा. रानातल्या गप्पा लई ऐकल्या तुमच्या. चंपाषष्ठीला ह्या झाडांचं एक पिकलेलं टमाटं माझ्या हातावर ठेवा. ठेवलं तर मी स्वतः तुम्हाला वस्तीवर सोडतो, परत न्यायला येत नाय. नाय ठेवलं, तर परत गावाचं नाव काढायचं नाय."

भांडणात माणूस काहीही बोलतो, तसं बोललो होतो. पण आबा उठले आणि देव्हाऱ्यातली भंडाराची वाटी घेऊन आले. आमचं घर खंडोबाचं. हळदीचा तो भंडार उचलून दिलेला शब्द आमच्यात कोणी फिरवत नाही, तो कोर्टाच्याही वरचा.

"उचल," आबा म्हणाले.

मी पडलो विज्ञानाचा मास्तर. हसत हसत चिमूटभर भंडार उचलला आणि कपाळाला लावला. त्यांनीही लावला. "जबान झाली," म्हणाले. स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "असं देवावर कशाला घालता?"

दुसऱ्या दिवसापासून आबा वेगळेच झाले. उजाडायच्या आत उठून त्यांनी तो तुकडा खणला, ढेकळं हातानं फोडली, एकेक खडा वेचला. रोपं लावली आणि तलावाकडून बाभळीच्या काट्या ओढत आणून चहूबाजूंनी कुंपण केलं, कोकरांच्या वाडग्याला करतात तसं. गल्लीतली माणसं बघायला आली. आबा दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. संध्याकाळी मला म्हणाले, "आता लेंडी पायजे."

मेंढ्यांच्या लेंडीसारखं खत नाही, हे आमच्यात पोरं पाळण्यातच शिकतात. कळप दोन रात्री आपल्या शेतात बसावा म्हणून मोठमोठे शेतकरी आबांच्या मागं लागायचे. आबांनी आयुष्यभर शेकडो रानं अशी खतावली. पण एक गोष्ट त्यांनी कधीच बघितली नव्हती. कळप बसवायचा, उठवायचा आणि पुढच्या रानाला जायचं. मागं त्या शेतात काय उगवलं, फूल कधी आलं, फळ कधी धरलं, हे बघायला ते कधी थांबलेच नाहीत. वर्षानं त्याच वाटेनं आले की शेतकरी म्हणायचा, झकास आलं बघा यंदा, आणि आबा तेवढं ऐकून पुढं चालायचे.

मला मात्र सगळं माहीत होतं. दरवर्षी फळ्यावर लिहितो मी, नत्र जास्त झालं की झाड पानांनी फोफावतं आणि फुलं-फळं लांबतात. टमाट्याचं झाड तर त्यात पहिल्या नंबरचं. त्याला खायला जास्त घातलं की ते फळ द्यायचं विसरतं आणि नुसतं अंगानं वाढतं, मग वाण कितीही लवकरचं असो. आठ रोपांना एकेक ओंजळ लेंडी पुष्कळ झाली असती.

"किती लागंल?" मी विचारलं.

"एक पोतं बास."

"एकच? नीट सांगा. नंतर म्हणाल, पोरानं हात आखडला."

आबांनी माझ्याकडं बघितलं. दोन वर्षांत त्यांच्या मनाचं काही मी पहिल्यांदाच विचारत होतो. त्यांचा चेहरा असा काही झाला की मी दुसरीकडं बघायला लागलो. "आन मंग दोन," ते म्हणाले.

मी तीन आणली. हर्सूल तलावाच्या वरच्या अंगाला एक कळप उतरला होता, तिथून स्कूटीच्या पायाशी एकेक पोतं ठेवून तीन खेपा केल्या. आबांनी पोत्यात हात घातला, मूठभर लेंड्या नाकाशी नेल्या आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच उभे राहिले. "घरच्यावानी वास हाय," म्हणाले. मी म्हणालो, "घाला सढळ हातानं." त्यांनी घातली. पंधरा दिवसांनी परत घातली. मी परत पोतं आणून दिलं. बापासाठी राबणारा पोरगा म्हणून गल्लीत माझं नाव झालं ते ह्याच दिवसांत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंही.

महिन्याभरात झाडं कमरेला लागली. काळपट हिरवी पानं, अंगठ्याएवढ्या जाड फांद्या. आबा मला हाताला धरून दाखवायला न्यायचे. "बघ कशी अंगात आलीत! जनावर असं दिसलं की समजायचं, बरकत हाय." मी मान डोलवायचो. त्या सगळ्या पाल्यात फूल एक नव्हतं.

बायको शेतकऱ्याची लेक, फुलंब्रीकडची. तिच्या माहेरी टमाट्याचं रान असतं. एके दिवशी मी पेपर तपासत होतो, तेव्हा ती भाजी चिरता चिरता हळूच म्हणाली, "अहो, आबांना सांगा ना. लेंडी लई झाली. झाडं नुसती माजायलीत. खत बंद करून बगलेतले फुटवे खुडले पायजेत. नायतर षष्ठीला काय, संक्रांतीला पण फळ हाती लागायचं नाय."

"तू मधे पडू नको," मी म्हणालो.

तिची सुरी थांबली. "म्हंजे तुम्हाला माहीत हाय?"

मी समोरच्या उत्तराला शून्य दिलं आणि पान उलटलं. तिनं सुरी खाली ठेवली. "मास्तर ना तुम्ही?" एवढंच म्हणाली. त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

पण गप्प बसणाऱ्यांतली ती नाही. आबांना सरळ सांगितलं असतं तर नवऱ्याला खोटं पाडल्यासारखं झालं असतं, म्हणून तिनं दुसरी वाट काढली. कोपऱ्यातलं आठवं झाड तिनं आबांकडून मागून घेतलं. "हे एक मला द्या आबा, मी माझ्या हातानं वाढवते." आबा हसून म्हणाले, "घे. तुझं खुरटंल बघ." तिनं त्याला लेंडीचा दाणा घातला नाही. आधी घातलेली वरवरची काढून टाकली, फुटवे खुडले, काठीला बांधलं. आमच्याकडं नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी येतं. ती रोज डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी तेवढ्या झाडाला घालायची.

ते झाड होतं तेवढंच राहिलं, आणि दिवाळीच्या आधी त्यावर पिवळी फुलं आली. बरीचशी गळाली, एक टिकलं. दिवाळीच्या फराळापर्यंत त्याजागी बोराएवढं हिरवं टमाटं होतं.

आबा त्या झाडापुढं बसले. एकदा त्याच्याकडं बघायचे, एकदा आपल्या सात धिप्पाड झाडांकडं. सुनेला विचारलं, "ह्याला काय घातलं तू?" ती म्हणाली, "काय नाय आबा." मग ते माझ्याकडं आले. मी ओट्यावर पेपर वाचत होतो.

"लेंडी जास्त झाली व्हय रं?"

सत्तरी उलटलेला माणूस. लेंडी कमी पडली अशी तक्रार त्यानं आयुष्यात ऐकली असेल, जास्त झाली अशी कधीच नाही. मी म्हणालो, "छे, लेंडीनं काय होतंय? हवेचं असतं ते. अजून एखादं घमेलं घालून बघा." त्यांनी घातलं.

पण ते एक टमाटं वाढत होतं. आबा सकाळी उठले की देवाच्या आधी त्याला हात लावून यायचे. बुलबुल टोचतील म्हणून त्यांनी जुन्या धोतराची चिंधी त्यावर झोळीसारखी बांधली. षष्ठीला आठ दिवस असताना बुडाशी नारिंगी झाक आली. चार दिवस असताना ते लालभडक झालं. आबांनी सुनेच्या पायाला हात लावायचं तेवढं बाकी ठेवलं. "तुझ्या हाताला यश हाय, पोरी," असं दिवसातून दहादा म्हणायचे.

"तोडून ठेवा की आबा," ती म्हणाली. "घरात राहिलं तरी लालच राहील. शब्द पुरा होऊन जाईल."

आबांनी कानाला हात लावला. आमच्यात पहिलं दूध, पहिली लोकर, पहिलं फळ देवाचं. देवाला दाखवल्याशिवाय ते घरातलं कोणी खात नाही, आणि देवाचं म्हणून राखलेलं शिळं चालत नाही. "षष्ठीला सकाळी आंघोळ करून तोडीन. देवाला दावीन, मंग ह्याच्या हातावर ठेवीन," आबा म्हणाले. "एवढं काय भ्यायचं? देवाच्या नावानं सोडलेल्या जनावराला लांडगा सुदीक शिवत नाय."

त्यांनी गाठोडं बांधलं. दोन धोतरं, घोंगडी, आईचा एक फोटो. काठीला तेल लावून ती दाराशी उभी केली. चुलतभावाला फोन लावून घेतला आणि ओरडून सांगितलं, "षष्ठीला यायलो. मेंढरं चरायला सोडू नको, मला बघू दी पयले." मी तिथंच होतो.

षष्ठीच्या आदल्या दिवशी शनिवार होता. शाळा सकाळची. मी दुपारी घरी आलो तर बायको भरताची वांगी आणायला गेली होती आणि आबा दाढी करायला न्हाव्याकडं. घरात मी एकटा. मागच्या दारात उभा राहिलो. ऊन थेट त्या झाडावर पडलं होतं.

आता ते दुसरं कारण सांगतो. मी नऊ वर्षांचा होतो. चौथीची परीक्षा जवळ आली होती. मेंढरं वळायला गेलो आणि झाडाखाली पुस्तक उघडून बसलो. लांडग्यानं एक कोकरू नेलं. आबांनी मला हात लावला नाही, मारलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही दोघं शोधत गेलो आणि ओढ्यात रक्त बघितलं, लोकरीचा पुंजका बघितला. तरी दिवेलागणीला त्यांनी मला वस्तीसमोरच्या दगडावर उभं केलं. म्हणाले, "हाळी घाल त्याला." चुकलेल्या कोकराला बोलवायची आमची एक हाळी असते, हुर्रर्र... येऽ येऽ. मी म्हणालो, "आबा, ते मेलं." ते म्हणाले, "हाळी घाल." असं महिनाभर, रोज. सगळी वस्ती बघायची. पोरं हसायची, माझ्यामागं तीच हाळी घालत फिरायची. आई त्यांच्या पाया पडली. घसा बसला तेव्हाही सुटका झाली नाही, आवाज नसला तर नुसतं तोंड हलवायचं. मी पुढं शिकलो, शहरात आलो, मास्तर झालो. ते विसरलो असं स्वतःला सांगत राहिलो. पण लेंडीचं प्रत्येक पोतं आणताना मला ती संध्याकाळ आठवत होती, हे मी त्या दुपारी स्वतःशी कबूल केलं.

मी कुंपण बाजूला केलं. चिंधी सोडली. देठाच्या गाठीवर अंगठा दाबला की टमाटं अलगद सुटतं, तसं सुटलं. उन्हानं कोमट झालं होतं. चार घासांत खाल्लं. गोड होतं, त्यानंतर तसं टमाटं मी खाल्लं नाही. नळावर हात धुतले, चिंधी खाली मातीत टाकली आणि पेपर घेऊन खिडकीत बसलो.

आबा आले. गुळगुळीत दाढी, कानशिलावर साबणाचा पांढरा ठिपका. आत न येता सरळ मागं गेले. मी खिडकीतून बघत होतो. त्यांनी चिंधी उचलली. झाडाची पानं वर करून बघितली, मग जमीन, मग बाकीची सात झाडं, एकेक फांदी उचलून. परत आठव्यापाशी आले आणि तो रिकामा देठ दोन बोटांत धरला. पाखरू टोचतं, खार कुरतडते. गाठीवर सुबक मोडलेला देठ माणसाच्या बोटांचा असतो. शंभर मेंढरांत आपलं मेंढरू पाठमोरं ओळखणारा माणूस तो, त्याला काय कळणार नाही? पाच मिनिटं तरी ते तसे उभे होते.

आत येऊन माझ्यासमोर बसले. "खारीनं नेलं," म्हणाले.

मला काही सांगावंच लागलं नाही. मी मान वर न करता म्हणालो, "नेलं असंल. लई झाल्यात खारी."

"व्हय," आबा म्हणाले.

बायको वांगी घेऊन आली. तिला कळलं तशी ती पिशवी हातात धरूनच माझ्यापुढं येऊन उभी राहिली. माझ्या शर्टाच्या बटणाला टमाट्याची एक बी चिकटली होती. तिनं ती नखानं काढली, बघितली आणि पुसून टाकली. "देवाचं होतं ते," म्हणाली, आणि आत जाऊन खूप रडली.

षष्ठीला आबांनी आंघोळ केली, देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला आणि भंडार माझ्या कपाळाला लावला. "जबान म्हंजे जबान," म्हणाले. "गावाचं नाव काढायचो नाय." गाठोडं त्यांनी स्वतः सोडलं. धोतरं कपाटात गेली, घोंगडी पलंगावर. दुपारी चुलतभावाचा फोन आला, आबा निघाले का म्हणून. आबा म्हणाले, "येत नाय. इकून टाक... समदी." पुढच्या आठवड्यात बाजार झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "बांडी मेंढी कुणी नेली?" उत्तर ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला.

बायको माझ्याशी भांडली. "सोडून या त्यांना. अजून वेळ गेली नाय." मी म्हणालो, "भंडार उचललाय आम्ही दोघांनी. देवापुढचा शब्द आहे." देवाला आयुष्यात कधी सरळ हात न जोडलेला मी, शब्द मोडू नये म्हणून बायकोला ऐकवत होतो.

संक्रांतीच्या सुमाराला त्या सातही माजलेल्या झाडांना एकदम जाग आली. फांद्या मोडतील एवढी टमाटी. रोज बादली भरायची. आबा तोडायचे आणि गल्लीत घरोघर वाटून यायचे. लोक म्हणायचे, आबा, तुमच्या हाताला काय गुण आहे! ते म्हणायचे, "लेंडीचा गुण." स्वतः त्यांनी एकही तोंडात घातलं नाही. कोरडी भाकर चावणारा माणूस, टमाटं पुढं केलं की म्हणायचा, दात नाहीत.

त्याच दिवसांतली एक संध्याकाळ. मी शाळेतून येऊन गाडी लावत होतो आणि घरामागून आवाज आला. हुर्रर्र... येऽ येऽ. माझ्या हातातली किल्ली खाली पडली. मागं गेलो. आबा त्या बांधकामाच्या दगडावर उभे होते, तोंड आठव्या झाडाकडं. म्हाताऱ्याचा आवाज, पण खणखणीत. पाच-सहा वेळा हाळी घातली, उतरले, पाय धुऊन देवापुढं दिवा लावला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शेजारी गच्चीवरून डोकवायला लागले. पोरं मागं नक्कल करायला लागली. "वय झालं की असं होतं सर," लोक मला समजावून सांगायचे, "डॉक्टरला दाखवा." बायकोलाही ते मेंढरांच्या दुःखानं झालंय असंच वाटत होतं. हाळी कशाची आहे हे घरात फक्त मला ठाऊक होतं.

मी शाळेतून उशिरा यायला लागलो. मग रविवार आला. मी चहा घेत होतो, आबा समोर होते, आणि षष्ठीपासून त्यांनी तो रविवारचा प्रश्न विचारलाच नव्हता. मीच म्हणालो, "चला आबा. गाडी काढतो. वस्तीवर सोडतो."

"कशाला? मेंढरं गेली."

"नवी घेऊ."

"नगं."

मी चिडलो. "मग रोज हाळी कुणाला घालता? गेलेलं टमाटं परत येणार आहे का?"

आबांनी माझ्याकडं शांतपणे बघितलं. "तू महिनाभर घातली व्हती. कोकरू आलं व्हतं का?"

"नाय."

"मला ठावं व्हतं, नाय यायचं ते."

"मग मला का उभं केलं?" हा प्रश्न विचारायला मला चाळीस वर्षं लागली. बायको दारात येऊन उभी राहिली.

आबांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "तवा माझं चुकलं. नऊ वर्साचं लेकरू व्हतं ते. तुझी माय मरस्तोवर मला बोलली त्याच्यावरनं." त्यांनी कप खाली ठेवला. "आता नाय चुकत माझं. आता तू पन्नाशीचा हाय."

उठून ते मागं झाडांना पाणी घालायला गेले.

ह्याला तीन वर्षं झाली. आबा अजून आहेत, आमच्याकडंच आहेत. दरवर्षी गणपती उठले की स्वतः नर्सरीत जाऊन लवकर येणारी आठ रोपं आणतात. सुनेकडून शिकून घेतलंय त्यांनी, लेंडी झाडाला एक ओंजळ, फुटवे वेळच्या वेळी खुडायचे. टमाटं आता दरवर्षी षष्ठीच्या आधी लाल होतं. त्याला ते चिंधी बांधत नाहीत, कुंपणाचं दारही उघडंच ठेवतात. षष्ठीला सकाळी आंघोळ करून तोडतात, देवाला दाखवतात आणि माझ्या हातावर आणून ठेवतात, ठरल्याप्रमाणं. गावाचं नाव काढत नाहीत. "खा," म्हणतात. मी त्यांच्यासमोर खातो. शेवटचा घास गिळेपर्यंत ते तिथंच उभे असतात, आणि संध्याकाळी दिवेलागणीला मागून हाळी येते.